फॅनक ०-एमची जुनी व्हीएमसी: बिघाड शोधायची सुरुवात कुठून करायची

भोसरी, सातपूर, शिरोलीतल्या कारखान्यांनी काढून टाकलेली व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं, संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी करायची आणि स्वतःचं काम सुरू करायचं, हा रस्ता मला मनापासून पटतो. जुन्या मशिनचं बीड जड असतं, स्लाइड रुंद असतात आणि कंट्रोल (मशिन चालवणारा संगणक) साधा असतो. पण पहिल्या पावसाळ्यात अलार्म यायला लागले की मालक घाबरून कार्डं (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बदलायच्या मागे लागतो. तिथेच पैसे बुडतात. अशा मशिनचे बहुतेक बिघाड कार्डात नसतात. ते वीजपुरवठ्यात, सैल टर्मिनलमध्ये, तुंबलेल्या तेलाच्या नळीत, नाहीतर पाणी शिरलेल्या कनेक्टरमध्ये असतात. मोजून सिद्ध झाल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मा खर्च वाचतो.

पुढचं सगळं मी फॅनक या जपानी कंपनीच्या ०-एम कंट्रोलची, तीन अक्षांची, बीटी-४० (टूलहोल्डरच्या टेपरचं माप) स्पिंडलची व्हीएमसी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. फॅनकची ही शून्य मालिका १९८५ साली आली आणि आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात अजूनही भरपूर सापडते. हत्यारं फार लागत नाहीत: चांगला मल्टीमीटर, टाँग टेस्टर (तार न तोडता करंट मोजणारा), मॅग्नेटिक स्टँडसह ०.०१ मिमीचा डायल आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर). मेगर उसना आणला तरी चालतो.

सगळ्यात आधी पॅरामीटर वाचवा

मशिन चालू स्थितीत मिळालं असेल तर पहिलं काम हेच. या कंट्रोलचे पॅरामीटर (मशिनच्या सेटिंगचे आकडे), ऑफसेट (जॉब आणि टूलच्या जागेचे आकडे) आणि प्रोग्राम सेलवर जिवंत असतात. डब्यात मोठे डी साइजचे तीन सेल असतात, मिळून ४.५ व्होल्ट. स्क्रीनवर ‘बॅट’ लुकलुकायला लागलं की सेल बदलायचे आणि ते कंट्रोल चालू असतानाच. बंद करून सेल काढले तर मेमरी जायचा धोका असतो. अल्कलाइनच सेल घाला. साधे स्वस्त सेल लवकर फुटतात आणि त्यांचं पाणी डब्याचे संपर्क खाऊन टाकतं. अॅब्सोल्यूट एन्कोडर (वीज गेली तरी अक्षाची जागा लक्षात ठेवणारा सेन्सर) असलेल्या मशिनवर आणखी एक डबा असतो, चार सेलचा, ६ व्होल्टचा. तो विसरला जातो आणि मग एके दिवशी मशिन आपलं होम (मोजमापाची सुरुवातीची जागा) विसरतं. सेल बदलल्याची तारीख डब्यावर चिकटवा आणि वर्षाला बदला.

पॅरामीटरचा बॅकअप घ्यायची सोपी रीत म्हणजे प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो. हे कमीपणाचं वाटून घेऊ नका, वेळेला हेच फोटो कामाला येतात. ९०० च्या पुढचे पॅरामीटर अजिबात सोडू नका. मशिनला कोणती ऑप्शन दिली आहेत ते तिथे असतं आणि ते अंदाजाने भरता येत नाही. डायग्नॉस्टिक (मशिनची आतली स्थिती दाखवणाऱ्या) पानांवरचे टायमर, काउंटर आणि कीप रिले (सेलवर टिकणारी आतली सेटिंग) हेही टिपून घ्या. लॅडर (मशिनचे स्विच-रिले चालवणारा प्रोग्राम) ईप्रॉम या कायमच्या चिपमध्ये असतो, त्यामुळे तो सेल संपल्यावर जात नाही, पण हे आकडे जातात. मग सगळे पॅरामीटर परत भरूनही टूल चेंजर हलत नाही आणि कारण कळत नाही.

सिरियल केबलने बॅकअप घ्यायचा तर सहसा ४८०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट हे सेटिंग चालतं. २५ पिनांच्या केबलमध्ये पिन २ आणि ३ उलटसुलट, ७ ला ७ सरळ, कंट्रोलच्या बाजूला ४-५ जोडलेले आणि ६-८-२० जोडलेले. केबल लावताना मशिन आणि लॅपटॉप दोन्ही बंद असू द्या आणि लॅपटॉप चार्जरशिवाय बॅटरीवर चालवा. शेडमधलं अर्थिंग आणि घरातल्या प्लगचं अर्थिंग यांत फरक असला तर तो फरक त्या बारीक पोर्टमधून वाहतो आणि पोर्ट जळतो.

कंट्रोल चालू करताना रिसेट आणि डिलीट ही दोन बटणं एकत्र दाबून धरली तर सगळी मेमरी पुसली जाते. इंटरनेटवर कुणी ‘अलार्म घालवायचा उपाय’ म्हणून हे सुचवलं तर ऐकू नका. ९१० किंवा ९११ असा मेमरी पॅरिटीचा अलार्म असेल आणि हातात पूर्ण बॅकअप असेल, तेव्हाच त्याचा विचार करायचा.

वीज

गावात किंवा शहराच्या कडेला थ्री फेज असणं वेगळं आणि ते चांगलं असणं वेगळं. मेन स्विचच्या खाली तिन्ही जोड्या मोजा: आर-वाय, वाय-बी, बी-आर. समजा ४१८, ४०२ आणि ४११ व्होल्ट आले. सरासरी ४१०.३. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा ४०२, फरक ८.३, म्हणजे २ टक्के. इथपर्यंत चालतं. फरक ३-४ टक्क्यांवर गेला तर ड्राइव्हचा एक फेज जास्त करंट ओढतो आणि एरवी कारण न सापडणारे ओव्हरलोडचे अलार्म सुरू होतात.

मग कॅबिनेटमधला ट्रान्सफॉर्मर बघा. जपानी मशिन मुळात २०० व्होल्टवर चालतं, त्यामुळे आपल्याकडे आत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला प्रायमरीवर ३८०, ४१५, ४४० असे टॅप असतात. मशिन एका गावातून दुसऱ्या गावात जातं, पण टॅप कुणी बघत नाही. ३८० च्या टॅपवर तारा असतील आणि रात्री आसपासचे कारखाने बंद झाल्यावर लाइन ४४५ ला चढली, तर सेकंडरीवर २०० गुणिले ४४५ भागिले ३८०, म्हणजे २३४ व्होल्ट येतात. पाटीवर २०० व्होल्ट, अधिक १० उणे १५ टक्के असं लिहिलेलं असेल तर मर्यादा १७० ते २२० ची. म्हणजे दिवसा शहाण्यासारखं वागणारं मशिन रात्री हाय व्होल्टेजचा अलार्म देतं तेव्हा त्यात गूढ काही नसतं. तारा ४१५ च्या टॅपवर घेतल्या की तेच २१४ व्होल्ट होतात. टॅप बदलण्याआधी आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र व्होल्टेज लिहून ठेवा. एकाच वेळच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

रिकाम्या लाइनचं व्होल्टेज मोजून समाधान मानू नका. स्पिंडल शून्यावरून पूर्ण वेगाला नेताना मीटरकडे बघा. ४१० चे ३६० होत असतील तर कुठेतरी सांधा सैल आहे किंवा केबल बारीक आहे. १५ केव्हीएच्या मशिनला साधारण २१ अँपिअर लागतात. मीटरपासून शेडपर्यंत २०-२५ मीटर अंतर असेल तर ६ चौरस मिमी तांब्याची केबल ओढा. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, कॉन्टॅक्टर आणि टर्मिनलचा प्रत्येक स्क्रू एकदा आवळा. वीस-तीस वर्षांच्या कंपनांनी सैल झालेले स्क्रू हमखास सापडतात. काळवंडलेली लग (तारेच्या टोकाची पट्टी) कापून नवी क्रिंप करा. घासून पुन्हा लावलेली लग फार दिवस टिकत नाही.

आणखी एक जागा चोवीस व्होल्टची. डीसी पुरवठा २४ दाखवत असला तरी मीटर एसीवर करून त्याच दोन टोकांवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर पुरवठ्यातले कपॅसिटर सुकले आहेत. प्रॉक्सिमिटी स्विच आणि रिले मग मनाला येईल तसे वागतात.

सर्वो अॅम्प्लिफायरला (अक्षाच्या मोटरला वीज देणारा ड्राइव्ह) हात लावण्याआधी मेन बंद करून किमान दहा मिनिटं थांबा आणि डीसी बस (त्याच्या आतली डीसी लाइन) मोजा. तिथे सुमारे २८० व्होल्ट साठलेले असतात आणि लाल दिवा विझला म्हणजे ते संपले असं धरू नका.

अर्थिंग मशिनसाठी वेगळं घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मशिन चालू असताना २ व्होल्टच्या आत आकडा असावा. कूलंट पंप किंवा चिप कन्व्हेअर सुरू-बंद होताना कंट्रोल अचानक अलार्म देत असेल तर त्या मोटरच्या कॉन्टॅक्टरवर स्पार्क किलर आहे का बघा. ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ते १२० ओहमची ही लहानशी डबी मोटरच्या प्रत्येक जोडफेजवर लागते. डीसी सोलेनॉइडवर उलटा डायोड. जुन्या मशिनवर कॉन्टॅक्टर बदलताना नव्याला ही डबी लावायची राहून जाते आणि बिघाडाचा आळ बिचाऱ्या कंट्रोलवर येतो.

पावसाळा आणि कॅबिनेट

कॅबिनेटचं दार उघडं टाकून समोर टेबल फॅन लावायची पद्धत ताबडतोब बंद करा. गार वाटतं, पण त्या हवेबरोबर तेलाचा धूर आणि बीडाचा बारीक कीस थेट कार्डांवर जाऊन बसतो. बीडाचा कीस विजेचा वाहक आहे. जुलैच्या दमट हवेत त्यावर ओलावा बसला की कार्डावरच्या दोन पिनांच्यामध्ये रस्ता तयार होतो. दार बंद ठेवा, आतले पंखे चालू आहेत का ते महिन्याला बघा, फिल्टर धुवा. कार्डं साफ करायला मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, ती कार्डांवर मारू नका. पावसाळ्यात काम नसलं तरी कंट्रोल रोज तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओलावा बाहेर काढते. केबलच्या ग्लँडची रिकामी भोकं जाळी किंवा प्लगने बुजवा. उंदीर एन्कोडरची केबल आवडीने कुरतडतात आणि ती तुटलेली जागा शोधायला दोन दिवस जातात.

९५० चा अलार्म याच मोसमातला. २४ व्होल्टची जी लाइन बाहेरच्या स्विचांना जाते, तिचा फ्यूज उडाल्याचा तो अर्थ. कंट्रोलमध्ये दोष नसतो, बाहेर कुठेतरी त्या लाइनचा अर्थशी संपर्क झालेला असतो. बहुतेकदा एखाद्या लिमिट स्विचमध्ये कूलंट शिरलेलं असतं. मशिन बंद करून आयओ कार्डावरचे (बाहेरच्या स्विचांच्या तारा येतात ते कार्ड) एम१, एम२, एम१८, एम२० हे कनेक्टर काढा, नवा फ्यूज घाला, मग प्रत्येक वेळी मशिन बंद करून एकेक कनेक्टर परत लावत चला. ज्याला लावल्यावर फ्यूज जाईल त्याच्याच तारा पुढे तपासायच्या. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून बघायचा मोह झाला तर आवरा, नाहीतर पुढे कार्डावरची पट्टीच जळते.

४०१, ४१४ आणि ‘पोझिशन एरर’

४०१ म्हणजे कंट्रोलने अॅम्प्लिफायरला ‘तयार हो’ म्हटलं आणि अॅम्प्लिफायरकडून ‘तयार आहे’ असं उत्तर आलं नाही. आधी इमर्जन्सी स्टॉपची साखळी बघा. डायग्नॉस्टिक २१ चा चौथा बिट १ असायला हवा (बिट उजवीकडून शून्यापासून मोजायचे). तो ० असेल तर दोष स्विच, लिमिट किंवा रिलेत आहे. तो १ असेल तर अॅम्प्लिफायरच्या कॉन्टॅक्टरला कॉइलचा पुरवठा मिळतोय का आणि अॅम्प्लिफायरवर स्वतःचा कोणता आकडा दिसतोय ते बघा.

४१४ आला तर एक्सचा सर्वो, ४२४ वाय, ४३४ झेड. यातली खरी माहिती डायग्नॉस्टिक ७२०, ७२१, ७२२ वर असते. सातवा बिट ओव्हरलोड, सहावा कमी व्होल्टेज, पाचवा ओव्हरकरंट, चौथा अचानक फार मोठा करंट, तिसरा जास्त व्होल्टेज, दुसरा डिस्चार्जचा दोष, पहिला फीडबॅकची केबल, शून्यावा ओव्हरफ्लो. अलार्म दिसताच रिसेट दाबायची सवय मोडा. आधी हे पान उघडून फोटो काढा, रिसेटनंतर पुरावा जातो.

चौथा बिट लागलेला असेल तर प्रश्न एकच उरतो: दोष अॅम्प्लिफायरमध्ये की मोटर-केबलमध्ये? वीज बंद करून, बस उतरल्याची खात्री करून अॅम्प्लिफायरवरच्या मोटरच्या तीन तारा काढा आणि मशिन चालू करा. अलार्म तसाच आला तर अॅम्प्लिफायर, गेला तर मोटर किंवा केबल. झेड अक्षावर हे करण्याआधी हेडखाली लाकडाचा मजबूत ठोकळा लावाच. ब्रेक जुना झालेला असतो, हेडचं वजन काही शे किलो असतं आणि ते हातावर आलं तर हात वाचत नाही.

मग मेगर. मोटर दोन्ही बाजूंनी सोडवलेली, एन्कोडरचा कनेक्टर काढलेला, ५०० व्होल्ट, प्रत्येक तार आणि मोटरची बॉडी यांच्यामध्ये. १०० मेगओहमच्या वर असेल तर उत्तम. १० ते १०० म्हणजे म्हातारपण सुरू झालंय. १ ते १० म्हणजे त्या मोटरवर लक्ष ठेवून राहा. १ च्या खाली गेली तर काढून वाळवा, नाहीतर रिवाइंडला द्या. अॅम्प्लिफायर जोडलेला असताना मेगर फिरवला तर तो अॅम्प्लिफायर गेलाच म्हणून समजा. मोटरमध्ये कूलंट शिरण्याची वाट बहुधा कनेक्टरमधून असते. केबल कनेक्टरच्या खाली एकदा लोंबू देऊन मग वर घ्या, म्हणजे थेंब केबलच्या पोटातून खाली पडतो, कनेक्टरमध्ये जात नाही.

आता पोझिशन एरर. हे पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं. डायग्नॉस्टिक ८०० एक्सचं, ८०१ वायचं, ८०२ झेडचं. कंट्रोलने सांगितलेली जागा आणि अक्ष प्रत्यक्ष पोचलेली जागा यांतलं अंतर इथे दिसतं. चालताना हा आकडा शून्य नसतो, नसावाच. तो किती असावा हे काढता येतं: वेग भागिले लूप गेन (चूक किती झपाट्याने भरून काढायची तो आकडा). पॅरामीटर ५१७ मध्ये ३००० असेल तर गेन ३० प्रति सेकंद. फीड ३००० मिमी प्रति मिनिट म्हणजे ५० मिमी प्रति सेकंद. ५० भागिले ३० म्हणजे १.६६७ मिमी. एक मायक्रॉनचं डिटेक्शन युनिट (मोजमापाची सगळ्यात लहान पायरी) असेल तर ८०० वर सुमारे १६६७ दिसायला हवा.

एक छोटा प्रोग्राम लिहा, अक्ष पूर्ण प्रवासभर जी०१ एफ३००० ने (सरळ रेषेत, ३००० फीडने) पुढेमागे नेणारा, आणि आकड्याकडे बघत उभे राहा. १६६७ च्या आसपास स्थिर असेल तर त्या अक्षाचा ड्राइव्ह, मोटर आणि एन्कोडर निरोगी आहेत, तिथे कार्डं बदलायचं काही कारण नाही. प्रवासात एकाच ठिकाणी, समजा एक्स −२२० ते −२६० मध्ये, आकडा फुगत असेल तर तिथे स्लाइड आवळते आहे: कोरडी जागा, गिबचा (स्लाइडमधली फट जुळवणाऱ्या पट्टीचा) दाब, कव्हरखाली साठलेला कीस किंवा दबलेलं टेलिस्कोपिक कव्हर. आकडा चढतच गेला आणि ४११, ४२१ किंवा ४३१ ने मशिन थांबलं तर मोटरला ताकद पुरत नाही. ब्रेक सुटला नसेल किंवा मोटरची एक तार तुटली असेल. अक्ष थांबल्यावर आकडा ० किंवा ±१-२ वर बसावा. तो ८-१० वर अडकून राहत असेल तर घर्षण जास्त आहे. तो सतत हेलकावे खात असेल तर कपलिंग किंवा बेल्ट बघा.

अलार्म येऊ नये म्हणून ५०४ ते ५०७ मधली मर्यादा वाढवायचा सल्ला देणारे भेटतील. मला तो मान्य नाही. मर्यादा वाढवली की अलार्म गप्प बसतो, स्लाइड मात्र आवळलेलीच राहते आणि पुढे बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारा स्क्रू) जातो.

होमला गेल्यावर जॉब सरकतो

सकाळी होम केलं, ऑफसेट कालचाच, आणि जॉब सरकलेला. किती सरकला ते अचूक मोजा, कारण निदान त्या आकड्यातच आहे.

बरोबर १० मिमी (किंवा तुमच्या स्क्रूचा जो पिच असेल तेवढा) सरकला असेल तर एन्कोडर एक फेरा पुढेमागे पकडतोय. होमला जाताना अक्ष डॉगवर (होमचा स्विच दाबणारा ठोकळा) चढतो, वेग कमी होतो, डॉग संपतो आणि त्यानंतर येणारा पहिला ग्रिड सिग्नल (एन्कोडर दर फेऱ्याला एकदा देतो तो) म्हणजे होम. डॉग संपायची जागा आणि ग्रिड सिग्नल अगदी जवळ आले तर स्विचच्या थोड्याशा उशिराने कधी हा सिग्नल मिळतो, कधी पुढचा. तपासायला होम करा, मग हँडव्हीलने ०.०१ च्या पायऱ्यांनी मागे या आणि डायग्नॉस्टिक १६ चा पाचवा बिट बघा (वायसाठी १७, झेडसाठी १८). तो १ वरून ० झाला की किती अंतर आलात ते वाचा. १० मिमीच्या पिचला हे अंतर ४ ते ६ मिमी असावं. १ च्या आत किंवा ९ च्या वर असेल तर डॉगचे स्क्रू सैल करून तो अर्धा पिच सरकवा, पुन्हा होम करा, पुन्हा मोजा. शेवटी होमची जागा डायलने बघून गरज असल्यास ५०८ ते ५१० मधली ग्रिड शिफ्ट जुळवा.

सरकणं ०.०५, ०.२, ०.१३ असं विस्कळित असेल तर ग्रिडचा दोष नाही. कपलिंग घसरतंय, एन्कोडर सैल आहे किंवा फीडबॅक केबलची शील्ड सुटली आहे. मोटरच्या शाफ्टपासून कपलिंगवरून स्क्रूपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा आणि दिवसभर रॅपिडवर (अक्षाच्या पूर्ण वेगाने) काम करा. संध्याकाळी रेघ तुटलेली दिसली तर चोर सापडला.

होम करताना ९० नंबरचा अलार्म आला तर घाबरू नका. अक्ष होमच्या फार जवळून निघालेला असतो. ५० मिमी तरी मागे नेऊन परत होम करा.

बॅकलॅश: पॅरामीटरने झाकायचा की स्क्रू उघडायचा

बॅकलॅश म्हणजे दिशा बदलताना अक्षात राहणारी मोकळीक. डायल टेबलावर लावा. हँडव्हीलने अधिक दिशेला ०.१ चे पाच टप्पे जा, डायल शून्य करा, मग उलट दिशेला ०.०१ चे टप्पे घेत डायल हलेपर्यंत मोजा. प्रवासाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, असं तीन ठिकाणी. जुन्या मशिनवर मधला आकडा हमखास जास्त येतो, कारण वाइस तिथेच बसवलेला असतो. मध्ये ०.०४ आणि टोकांना ०.०१ असेल तर मधल्या आकड्याने भरपाई दिल्यावर टोकांना ती जास्त होते. अशा वेळी कमी आकडा भरा आणि वाइस मधून थोडा बाजूला बसवा.

भरपाईचे पॅरामीटर ५३५ एक्स, ५३६ वाय, ५३७ झेड. ०.०२ मिमीसाठी २० भरायचे. एमडीआय (हाताने आदेश भरायच्या) मोडमध्ये पीडब्ल्यूई (पॅरामीटर लिहायची परवानगी) १ करा, १०० चा अलार्म येईल, तो अपेक्षित आहे. आकडा भरा, पीडब्ल्यूई परत ० करा, रिसेट. जुना आकडा वहीत लिहिल्याशिवाय नवा भरू नका. तिथे आधीच काहीतरी भरलेलं असेल तर आता मोजलेला आकडा त्यात मिळवायचा असतो, त्याच्या जागी घालायचा नसतो.

०.०५ च्या वर बॅकलॅश असेल तर पॅरामीटर बाजूला ठेवा आणि कारण शोधा. स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीस लावून एक छर्रा चिकटवा आणि डायलची टीप त्या छर्ऱ्यावर टेकवा. आता अक्ष पुढेमागे करा. दिशा बदलताना स्क्रूच लांबीच्या दिशेने सरकत असेल तर थ्रस्ट बेअरिंग किंवा त्याचा लॉकनट. स्क्रू जागेवर असून टेबल मागे राहत असेल तर बॉलनट, नाहीतर नटच्या ब्रॅकेटचे बोल्ट. आधी बोल्ट आवळून बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

बेअरिंग बदलायची वेळ आली तर बॉलस्क्रूचीच घ्या, ३०टीएसी६२ सारखी, ६० अंश कॉन्टॅक्ट अँगलची, जोडीची. ३० बोअर, ६२ बाहेरचा व्यास हे माप ७२०६ चंही आहे, म्हणून दुकानदार ते पुढे करतो. पण ते १ मिमी जाड असतं आणि त्याचा कॉन्टॅक्ट अँगल कमी असतो. लांबीच्या दिशेचा भार ते तितक्या ताठपणे पेलत नाही, बॅकलॅश काही महिन्यांत परत येतो.

मशिनचं एकूण आरोग्य बघायला ५० मिमी व्यासाचं वर्तुळ अॅल्युमिनियमवर फिनिश करा, एकदा जी०२ ने (घड्याळाच्या दिशेने) आणि एकदा जी०३ ने (उलट दिशेने). चार दिशांना, म्हणजे ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर बारीक पायरी दिसली तर बॅकलॅश किंवा स्लाइडचं चिकटणं. वर्तुळ ४५ अंशात लंबगोल झालं तर मायक्रोमीटरने ४५ आणि १३५ अंशांवरचे व्यास लिहा. जी०२ आणि जी०३ मध्ये लंबगोलाची दिशा बदलली तर दोन अक्षांच्या सर्वो गेनमध्ये फरक आहे. दोन्हीत तीच राहिली तर एक्स आणि वाय एकमेकांना काटकोनात नाहीत. तेव्हा पॅरामीटर सोडून लेव्हल आणि गिब बघायचे.

तेल

स्लाइडला ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइलच लागतं. हायड्रॉलिक किंवा इंजिन ऑइल घालू नका, ते कूलंटबरोबर धुऊन जातं आणि अक्ष झटक्याने चालू लागतो. पंप आवाज करतो म्हणजे तेल पोचतं असं नाही. टाकीवर चिकटपट्टीने पातळीची खूण करा आणि आठ तासांनी बघा. पातळी हललीच नसेल तर गाळणी तुंबली आहे. पातळी उतरते पण एक अक्ष कोरडा आहे, असं असेल तर स्लाइडच्या टोकाशी प्रत्येक नळी सोडा आणि पंप हाताने दहा वेळा मारा. जिथून थेंब येत नाही त्या लाइनचा डिस्ट्रिब्यूटर बदला. तो साफ करून क्वचितच नीट चालतो आणि नवा काही शे रुपयांचा असतो, म्हणजे आवळलेल्या स्क्रूपुढे काहीच नाही.

स्पिंडल

टूलच्या टेपरवर तांबूस-काळे डाग दिसले तर टूल आत घट्ट धरलं जात नाही. ड्रॉबारच्या (टूल आत ओढून धरणारा दांडा) डिस्क स्प्रिंग तुटतात, पहिला संशय त्यांच्यावर घ्या. पण आधी पुल स्टड (टूलहोल्डरच्या मागचा बोल्ट, ज्याला ग्रिपर धरतो) बघा. ४५ अंशाचे, ६० अंशाचे असे वेगवेगळे मिळतात आणि बाजारातून आणलेल्या टूलहोल्डरना मिसळलेले लागलेले असतात. ग्रिपर एका कोनासाठी बनलेला असतो, दुसऱ्याला तो फक्त कडेने धरतो. हवेचा दाब ५.५ ते ६ बार, आणि फिल्टरमधलं पाणी रोज सोडायचं. टेस्ट बार लावून स्पिंडलच्या तोंडाशी ०.००५ आणि ३०० मिमीवर ०.०२ मिमीच्या आत रनआउट (फिरतानाचं डगमगणं) असेल तर स्पिंडलच्या बेअरिंगला हात लावू नका.

महिनाभर बंद पडलेलं मशिन चालू करताना

घाई इथे महाग पडते. कॅबिनेट उघडून आत ओल किंवा उंदराची घाण नाही हे बघा. तिन्ही फेज मोजा. फक्त कंट्रोल चालू करा आणि इमर्जन्सी दाबलेलीच ठेवून अर्धा तास पंखे फिरू द्या. मग तेलाचा पंप हाताने वीस-पंचवीस वेळा मारा, स्लाइडच्या वायपरखालून तेल बाहेर दिसेपर्यंत. त्यानंतरच इमर्जन्सी सोडा. प्रत्येक अक्ष हँडव्हीलने १०० मिमी हलवून पोझिशन एरर बघा, मग होम, मग रॅपिड ओव्हरराइड कमीत कमी ठेवून पूर्ण प्रवास दोनदा. स्पिंडल ५०० आरपीएमवर दहा मिनिटं, १५०० वर दहा मिनिटं, मग पुढे. स्पिंडल थांबवून त्याच्या नाकाशी हात लावून बघा, कोमट ठीक आहे, चटका बसला तर थांबवा. या सगळ्यात बॅटची खूण लुकलुकताना दिसली तर जॉब लावण्याआधी, मशिन चालू असतानाच, सेल बदलून टाका.